एका पातेल्यातलं रात्रीचं जेवण

फैजपूर, न्हावी, सावदा हा सगळा केळीचा पट्टा. बागेला पाणी द्यायची वीज पाळीपाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असली की घरातल्या माणसाला जेवून लवकर शेत गाठावं लागतं. अशा संध्याकाळी वरण, भात, भाजी, पोळी असा चार चुलींचा पसारा कोण मांडणार? मग वरणफळं होतात. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे, म्हणजेच फळं, सोडायचे आणि तिथेच शिजवायचे. पाऊण तासात घर जेवायला बसतं आणि घासायला एक कुकर, एक पातेलं उरतं.

पदार्थ सोपा आहे, तरी अनेक घरांत त्याचा लगदा होतो किंवा फळं आतून कच्ची राहतात. दोन्हीचं कारण पाणी आणि आच यांत असतं, म्हणून ते सावकाश समजून घेऊ.

चार माणसांना एक वाटी तूरडाळ पुरते. डाळीला तेल लावलेलं असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवावी. आपल्याकडे विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना डाळीचा गर घट्ट धरून ठेवतो आणि ती लवकर मऊ होत नाही. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली तर हा त्रास बराच कमी होतो. अडीच वाट्या पाणी, हळद, चमचाभर तेल घालून चार शिट्ट्या कराव्यात. चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काहीही या वेळी घालू नये. आंबट पदार्थाने डाळ शिजता शिजत नाही, ती पाण्यात कडकच राहते. आंबट नंतर, डाळ घोटून झाल्यावर.

कुकर गॅसवर असतानाच कणीक भिजवून घ्यायची. दोन वाट्या कणकेत दोन मोठे चमचे बेसन, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि चमचाभर तेलाचं मोहन. बेसन वगळू नये असं माझं ठाम मत आहे, त्याने फळाला चव येते आणि चावताना थोडा दाब लागतो. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. सैल कणकेची फळं वरणात विरघळतात. भिजवल्यावर ती झाकून ठेवली की गव्हातल्या चिकट प्रथिनांचं जाळं सैलावतं आणि लाटताना पोळी मागे आकसत नाही.

फोडणी खान्देशी हातानेच द्यावी. शेंगदाण्याचं तेल जरा सढळ, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. लसूण कडेने तांबूस झाला की आच मंद करून तिखट आणि काळा मसाला घालावा. मसाल्याला तेलात दहा सेकंदही पुरतात, जास्त वेळ राहिला तर तो कडवट होतो. लगेच घोटलेली डाळ ओतायची, वर आमसूल, गुळाचा खडा आणि पाच वाट्या कढत पाणी.

पाच वाट्या ऐकून हात थबकतो. वरण फार पातळ दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. फळं शिजताना पाणी शोषतात आणि त्यांच्या अंगावरचं सुटं पीठ रसात उतरून तो दाट करतं. सुरुवातीलाच वरण दाट असेल तर फळांना शिजायला पाणीच मिळत नाही, उलट ती बुडाशी लागतात.

आता पोळी लाटावी, नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित जाड, आणि सुरीने किंवा कातण्याने शंकरपाळ्यासारखी तिरकी कापावी. वरण खळखळून उकळत असताना तुकडे एकेक करून सोडायचे, चार-पाच टाकले की पळी फिरवायची. उकळत्या पाण्यात पडताच तुकड्याच्या बाहेरच्या थरातला पिष्टमय भाग फुगतो, प्रथिनं घट्ट होतात आणि तुकडा आपला आकार धरतो. पाणी नुसतंच गरम असेल तर तो थर घट्ट व्हायच्या आधीच पीठ सुटतं, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. म्हणून मूठभर तुकडे एकदम टाकू नयेत, त्याने उकळीच मोडते.

सगळी सोडून झाली की आच मध्यम, झाकण अर्धवट, दहा-बारा मिनिटं. मधून बुडाशी पळी घालावी. एक फळ काढून मध्यात तोडून पाहायचं: आत पांढरी पिठूळ रेघ दिसली तर अजून दोन-तीन मिनिटं द्यावीत. रेघ गेली की गॅस बंद. वर कोथिंबीर, ताटात साजूक तूप, लिंबू आणि कच्चा कांदा.

हीच युक्ती जगात अनेक स्वयंपाकघरांनी शोधली. गुजरातेत दाळ-ढोकळी आहे, इटलीत राजम्यासारख्या कडधान्याच्या रसात पास्ता शिजवतात. अमेरिकेत खिमा आणि मॅकरोनी एकाच पसरट कढईत करण्याची रीत इतकी रुळली की 1971 साली तिथे त्यासाठी मसाला आणि मॅकरोनीचं तयार पाकीटच देशभर विकायला आलं. मांसाहारी घरात आपल्या मसाल्यात हे खिमा-मॅकरोनी सहज जमतं. पाव किलो मटणाचा खिमा मोठ्या आचेवर, त्याचं पाणी पूर्ण आटून तो तळाला तांबूस होईपर्यंत परतावा. घाई केली तर तो नुसता उकडला जातो आणि परतल्याची चव येत नाही. मग कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, काळा मसाला, थोडं पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून शिजवावा. त्यावर दोनशे ग्रॅम कोरडी मॅकरोनी आणि साधारण 600 मिली कढत पाणी. मॅकरोनी वाळवलेली आणि कडक गव्हाच्या रव्याची असते, त्यामुळे ती फळांइतकी लवकर विरघळत नाही. पाणी ओतून टाकायचं नाही, पिष्ट उतरलेलं तेच पाणी आटून खिम्याचा रस्सा होतो.

वरणफळं उरली तर सकाळी घट्ट गोळा झालेली दिसतात. गार पाणी घालून ढवळू नये, फळं तुटतात. पाणी कढत करून कडेने सोडावं, मंद आचेवर फळं सैल होऊ द्यावीत आणि वरून लसणाची ताजी फोडणी घालावी.