न कळणाऱ्या भाषेतली गाणी

इंग्रजीच्या तासाला सरांनी बॅलड हा काव्यप्रकार घेतला होता. "हे वाचायचे नसते, ऐकायचे असते," असे म्हणून त्यांनी एका जुन्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. ३१ ऑगस्ट १९५१ रोजी एडिंबरोच्या ऑडफेलोज हॉलमध्ये झालेली ही मैफल हॅमिश हेंडरसन यांनी योजली होती आणि अमेरिकन संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी ती मुद्रित केली. गाणारे कोण, तर शेतकरी जॉन स्ट्रॅचन, मासळी विकणाऱ्या जेसी मरे, आणि पाइप वाजवणारा अवघ्या १७ वर्षांचा जॉन बर्जेस!

मग फ्लोरा मॅक्नील गाऊ लागल्या. भाषा गेलिक, साथीला एकही वाद्य नाही. शब्द कळत नव्हता, पण वर्गातली कुजबुज थांबली. या बाई बॅरा बेटावरच्या. गाणी घरातल्या बायकांकडून शिकलेल्या, आणि एडिंबरोत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. ज्या भाषेला १८७२ च्या शिक्षण कायद्यात जागा नव्हती, जी शाळेत बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला, तीच भाषा शहरातले लोक निमूट ऐकत होते.

पुढे ग्रंथालयात बसून मी त्या बेटांवरच्या गाण्यांविषयी वाचले. त्यांतली पुष्कळशी श्रमगीते. इंग्रजीत त्यांना 'वॉकिंग साँग' म्हणतात. चालण्याशी त्यांचा काही संबंध नाही. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड सैल असते. ते साठवलेल्या मूत्रात भिजवीत (नाक मुरडू नये, लोकरीचा तेलकटपणा त्यानेच निघे), आणि लांब फळीभोवती बसून बायका ते तालात आपटीत, शेजारणीकडे सरकवीत. कापड आटून दाट होई. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचे. ध्रुवपदातले बरेचसे उच्चार निरर्थक असतात, पण ते मनाला येतील तसे म्हणून चालत नसे. गाण्याची ओळखच त्यांवरून पटे. एका बैठकीत तेच गाणे पुन्हा म्हणणे अशुभ. विषय मात्र सगळे जिवाभावाचे: प्रियकर, समुद्रात बुडालेले भाऊ, शेजारणींची थट्टा. पुढे हे काम यंत्रांनी घेतले आणि फळीभोवतीची बैठक मोडली.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी वसतिगृहात एकीने विचारले, "तुमच्याकडे कुणी गातं का गं?" मी "नाही" म्हणाले. वास्तविक आजी जात्यावर ओव्या म्हणे, हे मला ठाऊक होते. दळण गिरणीत जाऊ लागले तशी तिची ओवी थांबली. जात्याशिवाय आठवतच नाही, म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोठ्यातले जाते धुऊन ओसरीवर मांडले आणि फोन मुद्रणावर ठेवला. आजी बसेना. "रिकामं जातं फिरवू नये, बाई." मग मी पसाभर ज्वारी आणली. पहिल्या दोन ओव्या चाचपडत आल्या, पुढच्या आपोआप. तेरा झाल्या, आणि ज्वारी संपली.