‘बेन’ म्हणणारं मूल मठ्ठ नसतं



सौदी अरेबियातील सरकारी शाळांत २०२१ सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवू लागले. त्याआधी ते चौथीपासून होते. रियाध, जेद्दा अशा शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत परदेशी डॉक्टर आणि नर्सेस पुष्कळ. त्यांचं आपसातलं काम इंग्रजीत चालतं. तेव्हा तिथल्या मुलांना ही भाषा पुढे लागणारच.

पण सहा वर्षांच्या मुलापुढे किती अडचणी येतात पाहा! अरबी लिहायची आपल्या हिब्रूसारखी उजवीकडून डावीकडे, इंग्रजी नेमकी उलट. अरबीत अक्षरांची मोठी आणि लहान अशी दोन रूपं नाहीत. ऱ्हस्व स्वर रोजच्या लिखाणात बहुधा लिहीत नाहीत, व्यंजनांवरून शब्द ओळखतात. त्या सवयीने इंग्रजी वाचताना मधला स्वर नजरेतून सुटतो. आणि अरबीत ‘प’ हा उच्चारच नाही! म्हणून ‘पेन’चं होतं ‘बेन’ आणि ‘पेप्सी’ची ‘बेबसी’.

हसू आलं ना मुलांनो? थांबा, आता आमची गंमत ऐका. आम्ही नवीन आलो तेव्हा हिब्रूतला ‘खेत’ आमच्या मराठी घशातून काही निघेना. पावाला आम्ही ‘लेहेम’ म्हणायचो. दुकानात लोक हसले. मग कितीतरी दिवस आम्ही तोंड न उघडता पावाकडे नुसतं बोट दाखवायचो. शाळेत आम्ही हुशार होतो, पण इथे मुके झालो.

पुढे वॉर्डात आमच्याबरोबर अरबी बोलणाऱ्या नर्सेस होत्या. एकीच्या ‘प’ला सगळे हसत. ती पाळी बदलताना पेशंटची माहिती सांगायला कचरू लागली. आम्हांला तेव्हा कळलं, उच्चार चुकला तर दुरुस्त करता येतो, पण नर्स गप्प बसली तर पेशंटच्या जिवाशी खेळ होतो.

म्हणून रियाधची शिक्षिका असो की लोदची आजी, मूल अडखळलं तर आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. मग तोच शब्द आपण नीट उच्चारून परत म्हणावा. ‘प’साठी सोपी युक्ती आहे. तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरा. इंग्रजी ‘पेन’ म्हणताना तो हलतो, ‘बेन’ म्हणताना जेमतेम हलतो. मुलांना हा खेळच वाटतो. आणि घरची भाषा बंद करू नका. गोष्ट मराठीत कळली की तीच इंग्रजीत सांगणं सोपं जातं.

मुलांनो, तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं आणि शब्द चुकला, तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. आमच्या शेजारी त्या वेळी कुणी बसलं असतं, तर आम्ही पाव लवकर मागायला शिकलो असतो!