भाडे ठरवते कोण?
गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतल्या खोलीचे भाडे महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या कायद्याने बांधलेले असते. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या खोल्यांचे भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवले. ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सुनावले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि बेकायदा असूनही सर्रास चालणाऱ्या पागडीला, म्हणजे खोली देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेला, मान्यता दिली. वीस रुपये भाड्यावरची ही वाढ रुपयाही भरत नाही. त्यात जिन्याची फळीसुद्धा बदलून होत नाही, ही घरमालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हे. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा आखला, पण तो नुसता नमुना. स्वीकारायचा की नाही, हे राज्याने ठरवायचे.

जर्मनीत नेमके उलटे घडले. बर्लिन राज्याने २०२० साली भाडी गोठवली. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला, कारण या विषयावर देशाच्या संसदेने आधीच कायदा केला होता. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडची संसद आपला भाडे कायदा स्वतः करते. इंग्लंडचा मात्र वेस्टमिन्स्टरमध्येच होतो.