ओळख आणि वशिला

आपल्याकडे नोकरीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘अंगी गुण असले की काम चालत घरी येते’ हे एक, आणि ‘वशिल्यावाचून काही होत नाही’ हे दुसरे. पहिले म्हणणारा स्वस्थ बसतो, दुसरे म्हणणारा हताश होऊन बसतो. बसण्याच्या बाबतीत दोघांचे एकमत! या दोहोंच्या मधून एक वाट जाते. तिचा आज आपण विचार करू.

‘लिंक्डइन’ हे व्यावसायिक ओळखींचे संकेतस्थळ ५ मे २००३ रोजी अमेरिकेत सुरू झाले. आपले शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांचे एक पान तेथे मांडावयाचे आणि ओळखीच्या माणसांच्या पानांशी ते जोडावयाचे, एवढीच मूळ कल्पना. आपल्यापैकी पुष्कळांचे पान तेथे असते. पण ते दारावरच्या पाटीसारखे. पाटी लागलेली, दार मात्र बंद! ते दार उघडावे कशासाठी, हे कळण्यास थोडे मागे जावे लागेल.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले : ज्याने तुम्हांला बातमी दिली, तो त्या काळी तुम्हांला कितीदा भेटत असे? वारंवार भेटत असे, असे सांगणारे निघाले शेकडा १६.७, अधूनमधून, असे म्हणणारे ५५.६, आणि क्वचित, असे म्हणणारे २७.८. म्हणजे उपयोगी पडली ती बहुधा लांबची ओळख!

याचे कारण साधे आहे. जिवलग मित्राला आपल्यावर माया अधिक. पण त्याला ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, कारण दोघांची बैठक एकच. लांबचा परिचित निराळ्या बैठकीत वावरतो, म्हणून नवी बातमी आणतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही असेच दिसले. मात्र दोन दुरुस्त्यांसह. अगदी परक्यापेक्षा, ज्याच्याशी आपले थोडे परिचित सामाईक आहेत असा माणूस अधिक उपयोगी. आणि ज्या धंद्यांत संगणकाचा शिरकाव कमी, तेथे जवळचीच माणसे अधिक कामाची.

मग तेथे करावे काय? पहिले, आपल्या पानावर नुसता हुद्दा न लिहिता प्रत्यक्ष काय केले ते दोन ओळींत लिहावे. ‘हिशेबनीस’ यापेक्षा ‘तीन दुकानांचे जीएसटीचे विवरण सांभाळतो’ हे वाचणाऱ्यास अधिक सांगते. दुसरे, जुने सहाध्यायी, पूर्वीचे सहकारी, शिक्षक यांच्याशी दुवा जोडावा, आणि जोडताना आपण कोण, कोठे भेटलो, हे दोन वाक्यांत कळवावे. तिसरे, आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्याच्या लिखाणावर विचारपूर्वक अभिप्राय द्यावा, किंवा आपल्या कामात शिकलेली एखादी गोष्ट मांडावी. गरज पडल्यावरच दार ठोठावणाऱ्यास लोक ओळखून असतात. विहीर तहान लागण्यापूर्वी खणावी, हे आपल्या घरोघरी सांगितले जातेच.

येथे कोणी विचारील, हा वशिलाच नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वशिला निर्णय फिरवतो. ओळख केवळ बातमी पोचवते. वशिल्याने लायक माणसाची जागा नालायकास मिळते. ओळखीने लायक माणसास जागा रिकामी असल्याचे कळते. म्हणून परिचिताजवळ ‘मला नोकरी लावा’ असे म्हणू नये. ‘आपल्या क्षेत्रात या कामाला काय यावे लागते?’ असे विचारावे. पहिल्या मागणीने माणूस संकोचतो, दुसऱ्या प्रश्नाने बोलता होतो.

सावधगिरीही हवी. नोकरीचे आमिष दाखवून आधी पैसे मागणारे तेथेही फिरतात. पैसे मागितले की व्यवहार तेथेच थांबवावा. दुव्यांची संख्या वाढवीत बसणे हेही व्यसनच. आणि न केलेले काम पानावर लिहू नये. ते पहिल्या मुलाखतीतच उघडे पडते.

ज्याचे काका-मामा मोठ्या कचेऱ्यांतून बसले आहेत, त्याचे या स्थळावाचून फारसे अडत नाही. त्याला बातमी जेवणाच्या पानावर कळते. पण ज्या घरातली मुलगी प्रथमच पदवीधर झाली, जिच्या नात्यात कचेरीची पायरी कोणी चढले नाही, तिने ओळखी आणाव्यात कोठून? तिच्यासाठी हे दार खरे मोलाचे. ते उघडण्यास खर्च लागतो तो थोड्या वेळाचा आणि भीड सोडण्याचा. आपल्या घरी अशी मुलगी असेल तर तिच्याजवळ बसून तिचे पान लिहावयास मदत करावी. आणि आपण स्वतः चार माणसांना ओळखत असू, तर तिच्या प्रश्नास उत्तर द्यावे. कोणाचा तरी लांबचा परिचित आपणही असतोच.