गालातील पेशी आणि मुळशीचा धडा

कापसाची काडी गालाच्या आतील बाजूस काही क्षण फिरवली, की आनुवंशिक तपासणीस पुरेशा पेशी मिळतात. सुई नाही, वेदना नाही, खर्चही थोडा. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात मूळपेशींचा दाता शोधणाऱ्या नोंदणी संस्था हीच पद्धत वापरतात. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. म्हणूनच परक्या दात्यांची नोंद सर्व जातिजमातींतून वाढणे अगत्याचे आहे. या कार्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु नमुना घेणे जितके सोपे, तितके संमती घेणे सोपे नाही. जनुकीय माहिती एकट्या व्यक्तीची नसते. ती तिच्या आईबापांची, भावंडांची आणि मुलांचीही असते. शिवाय काडी एकदाच फिरते, पण तिच्यातून निघालेली माहिती कितीही कामांसाठी वापरता येते. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिले. त्याच नमुन्यांवर मनोविकार व जमातीचे मूळ यांविषयीही संशोधन झाल्याचे पुढे उघडकीस आले. जमात न्यायालयात गेली. २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत द्यावे लागले.

मुळशीला हे दुखणे परके वाटू नये. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घेतल्या गेल्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांसारख्यांनी सत्याग्रह केला. धरण मात्र झालेच. वीज सर्वांच्या हिताची होती, हे मान्य केले तरी ज्यांचे गेले त्यांना नकाराचा अधिकार नव्हता, हा अन्याय उरतोच.

याच तालुक्यात कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. आपापसांतच विवाह करणाऱ्या अशा जमाती आनुवंशिकीच्या अभ्यासकांना मोलाच्या वाटतात. उद्या कोणी तेथे काड्या घेऊन गेला, तर औषधाच्या आशेने कागदावर अंगठा उठेलही. पण अंगठा म्हणजे संमती नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नीतिसमितीची मान्यता आणि समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक मानली आहे. नमुना कशासाठी, किती काळ ठेवणार, आणखी कोणाला देणार, परत मागता येईल काय, हे देणाऱ्याच्या बोलीत सांगितले गेले पाहिजे. उद्देश बदलला, तर संमतीही नव्याने घेतली पाहिजे.

महाविद्यालयांतून नोंदणीची शिबिरे भरतात. विद्यार्थ्यांनी त्यांत अवश्य भाग घ्यावा. मात्र काडी तोंडात घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत. सुशिक्षितांनीच ते विचारले नाहीत, तर वस्तीवरच्या माणसाला ते विचारण्याचे बळ कोठून यावे?