विरजण बदलून पाहावे तसे

विरजण बिघडले, दही तारदार होऊ लागले, की उरलेले टाकून शेजारच्या घरून चांगले विरजण आणतात. वैद्यकात सध्या असाच एक प्रयोग चालू आहे, फक्त इथे विरजण म्हणून वापरतात ती निरोगी माणसाची विष्ठा! वर्गात हे सांगितले तर आधी हशा पिकेल, मग 'शी!' ऐकू येईल. आम्हीही प्रथम ऐकले तेव्हा नाक मुरडलेच होते.

दारूने यकृत बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. पण सारखीच दारू पिणाऱ्या दोघांपैकी एकाचे यकृत निकामी होते आणि दुसऱ्याचे तगते, असे का? याच्या अनेक कारणांपैकी एक आतड्यात दडलेले आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतडी, प्लीहा वगैरे अवयवांतून फिरून येते. साहजिकच आतड्यातून जे झिरपेल त्याचा पहिला मारा यकृतावर होतो. दारूमुळे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात, तिथली जिवाणूंची वस्ती बदलते आणि जिवाणूंचे तुकडे रक्तात शिरतात. यकृतातील रक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. या लढाईत यकृतच भाजून निघते.

हे नुसते अनुमान नाही. २०१६ साली फ्रान्समधील संशोधकांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या एका गटाला तीव्र मद्यजन्य यकृतदाह झालेल्या रुग्णाची विष्ठा दिली. दुसऱ्या गटाला, दारू पिऊनही असा दाह न झालेल्या माणसाची. मग दोन्ही गटांना दारू पाजली. पहिल्या गटाच्या यकृतांची हानी अधिक झाली. दारू तीच, जिवाणू वेगळे!

या आजारात स्टिरॉइड देतात, पण जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असेल तर ते देता येत नाही. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी अशा ८ रुग्णांना नाकातून आतड्यात सोडलेल्या नळीवाटे सात दिवस रोज निरोगी दात्याच्या विष्ठेचे गाळलेले द्रावण दिले. वर्षाअखेर ७ जण जिवंत होते. आधीच्या काळातील अशाच १८ रुग्णांपैकी वाचले होते ६. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

चुणचुणीत विद्यार्थी इथे हात वर करील: आठच रुग्ण? आणि तुलना जुन्या नोंदींशी? शंका रास्त आहे. जुन्या रुग्णांची शुश्रूषाही कदाचित वेगळी झाली असेल. म्हणूनच २०२३ मध्ये याच संस्थेतून आलेली चाचणी आम्हाला अधिक मोलाची वाटते. तिच्यात स्टिरॉइड चालतील अशा १२० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. ९० दिवसांनंतर स्टिरॉइड घेतलेल्या ६० पैकी ३४ जगले, विष्ठारोपण झालेल्या ६० पैकी ४५. मात्र कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि ही एकाच रुग्णालयातली गोष्ट आहे.

विरजणाची उपमाही इथे थोडी लंगडी पडते. तापवलेल्या दुधात विरजणाला फारसे प्रतिस्पर्धी नसतात. आतड्यात मात्र आधीच गर्दी असते, म्हणून द्रावण पुन्हा पुन्हा द्यावे लागते. शिवाय शेजारचे विरजण नासके निघाले तर? अमेरिकेत एकाच दात्याची विष्ठा दिलेल्या दोन रुग्णांना प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झाला आणि एक दगावला. त्या विष्ठेची या जिवाणूंसाठी तपासणीच झालेली नव्हती. २०१९ मध्ये हे उघड झाल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने दात्यांची अशी तपासणी सक्तीची केली.