निवडक गाण्यांचा संग्रह आणि दोघांची मैफल

एखाद्या गायकाची किंवा जोडीची निरनिराळ्या काळांत लोकप्रिय झालेली गाणी एकत्र करून काढलेल्या संग्रहाला ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणतात. अशा संग्रहात नवे गाणे बहुधा एखादेच असते, निर्मितीचा खर्च आधीच भरून निघालेला असतो आणि नव्या श्रोत्याला ओळख करून देण्याचे काम आपोआप साधते. म्हणून कंपन्यांना तो नफ्याचा वाटतो आणि समीक्षक त्याकडे काहीसे तुच्छतेने पाहतात. ही तुच्छता पूर्णपणे योग्य नाही, कारण शंभर गाण्यांतून बारा निवडणे आणि त्यांना एका क्रमात बसवणे हे रसिकतेचेच काम आहे, मात्र ते मनापासून केलेले असायला हवे.

ते मनापासून केले म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण कार्पेंटर्स या अमेरिकी भावंडांच्या जोडीचे आहे. सौम्य चाली, संथ लय आणि शब्द स्पष्ट ऐकू येईल असा गळा ही ज्या ‘सॉफ्ट पॉप’ संगीताची लक्षणे, त्यात कॅरन आणि रिचर्ड यांचे स्थान वरचे आहे. 1973 साली त्यांचा ‘द सिंगल्स : 1969–1973’ हा संग्रह निघाला, तेव्हा रिचर्ड यांनी जुनी मुद्रणे जशीच्या तशी एकापुढे एक न ठेवता काही गाणी नव्याने सजवली, एक पुन्हा मुद्रित केले आणि काही गाण्यांच्या मध्ये वाद्यसंगीताचे दुवे घालून ती एकमेकांत मिसळली. त्यामुळे तो संग्रह सलग मैफलीसारखा ऐकू येतो. त्याआधीच्या वर्षी सायमन आणि गारफंकेल या विभक्त झालेल्या जोडीच्या संग्रहातही काही गाणी स्टुडिओतल्या मुद्रणाऐवजी प्रत्यक्ष कार्यक्रमातून घेतलेली होती.

मराठीत या सौम्य संगीताच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे भावगीत. कवितेच्या दर्जाचे शब्द, त्या शब्दांना न झाकणारी चाल आणि 78 फेऱ्यांच्या तबकडीवर मावेल इतका, सुमारे तीन मिनिटांचा आटोप, अशी त्याची घडण झाली. 1960च्या दशकाच्या आरंभी मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज यांतून आलेले ‘शुक्रतारा, मंद वारा’ हे युगुलगीत इतके रुजले की दाते यांनी पुढे त्याच नावाने रंगमंचीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. हा कार्यक्रम म्हणजे त्यांच्या निवडक गाण्यांचा चालताबोलता संग्रहच होता. मराठीत असा संग्रह तबकडीपेक्षा रंगमंचावर अधिक जोमाने वाढला, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य मानावे लागते.

त्याचे अलीकडचे आणि सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे कवी संदीप खरे आणि संगीतकार-गायक सलील कुलकर्णी या जोडीचा ‘आयुष्यावर बोलू काही’. 2003 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे देशविदेशांत हजाराहून अधिक प्रयोग झाले, ही गोष्ट चित्रपटसंगीताच्या बाहेर राहून गाणाऱ्या मराठी जोडीच्या बाबतीत साधी नाही. ‘नामंजूर’, ‘हे भलते अवघड असते’, ‘दमलेल्या बाबाची कहाणी’, तसेच ‘अग्गोबाई ढग्गोबाई’सारखी बालगीते या दोघांच्या कामातून घरोघरी पोचली. त्यांच्या यशाचे कारण केवळ गोड चालींत शोधता येत नाही. नोकरीतून उशिरा परतणारा बाप, मोर्चात न गेलेला आणि त्याबद्दल स्वतःलाच टोचून घेणारा मध्यमवर्गीय माणूस, प्रेमात अडखळणारा तरुण ही माणसे भावगीताच्या चांदण्यात आणि पारिजातकात पूर्वी क्वचितच दिसत. खरे यांनी त्यांना बोलीच्या जवळच्या भाषेत उभे केले आणि कुलकर्णी यांनी चाल अशी ठेवली की शब्द तिच्यात बुडाला नाही. कार्यक्रमात गाण्यांच्या मधोमध कविता येते, गप्पा येतात, प्रेक्षागृहातून फर्माईश येते, आणि हसवणाऱ्या कवितेनंतर लगेच गंभीर गाणे आले की त्याचा परिणाम दुणावतो. म्हणूनच या जोडीची नुसती गाणी एकत्र केलेला संग्रह ऐकताना काहीतरी गळाल्यासारखे वाटते. जो दुवा रिचर्ड कार्पेंटर यांना वाद्यांनी घालावा लागला, तो येथे कवितेने घातलेला असतो.

मोठे नाट्यगृह हाताशी नसलेल्या गावांत मात्र ही मैफल मुद्रणाच्या रूपानेच पोचू शकते. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावासारख्या गावांना निवड आणि क्रम या कल्पना परक्या नाहीत, कारण परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि वारकऱ्यांची भजनी मालिका, म्हणजे भजनात कोणते अभंग कोणत्या क्रमाने म्हणायचे याची ठरलेली योजना, हा निवडीचा जुना आणि पक्का नमुना आहे. कॅसेटच्या काळात कागदावर गाण्यांची यादी देऊन दुकानातून कोरी कॅसेट भरून घेण्याची पद्धत सर्वत्र होती. कायद्याच्या दृष्टीने ती सदोष होती, पण श्रोत्याला संग्राहक करण्याचे काम तिने केले, हे नाकारता येत नाही.

आता ते काम मोबाइलवरील ॲपने आपल्याकडे घेतले असून त्यातील तयार याद्यांवर ठळकपणे दिसते ते बहुधा गायकाचे नाव. भावगीताच्या बाबतीत हा अन्याय ठरतो. अरुण दाते यांच्या आवाजामुळे ‘सखी शेजारिणी’ सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याचे कवी वा. रा. कांत हे नांदेडचे, मराठवाड्याच्या मातीतले, ही ओळख अशा यादीतून होत नाही. त्यामुळे संग्रह काढणाऱ्यांनी प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार आणि मुद्रणाचे वर्ष छापावे, आणि आवडती यादी तयार करणाऱ्या वाचकांनीही ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर एकदा डोकावावे. तेथे गीत, संगीत आणि स्वर यांची नावे प्रत्येक गाण्यासोबत स्वतंत्रपणे दिलेली आहेत.